कालपर्यंत कसे होते?

कोलकात्यात रात्रीच्या इमर्जन्सीत ‘बाबा भूल बोकछेन’ हे वाक्य हमखास कानावर पडतं. बाबा काहीतरीच बरळताहेत. पाठोपाठ कुणीतरी म्हणतंच, वय झालंय आता. मी मात्र लगेच विचारतो, ‘कालपर्यंत कसे होते?’ विसराळूपणाचा आजार महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला भ्रम, काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. ‘परवा स्वतः बाजारातून मासे आणले होते’ असं उत्तर आलं, की शरीरात नव्याने काहीतरी बिघडलंय असं धरूनच मी पुढे जातो.

सलाइन उपटणारा, शिव्या देणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. हातून निसटतो तो गप्प पडलेला. आजींना शांत झोप लागलीय म्हणून घरचे निर्धास्त असतात. जवळ बसलं की दिसतं, बोटं चादर चाचपताहेत, प्रश्न अर्धा ऐकून डोळे मिटताहेत. अशा वेळी मी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतो. रवी, शनी, शुक्र... आणि आजी छताकडे बघत राहतात. वार त्यांना पाठ असतात, लक्षच टिकत नाही. डिलिरियमची ही सगळ्यात भरवशाची खूण.

मग कारणाचा शोध. ऑक्सिजन आणि साखर आधी, कारण दोन्ही मिनिटभरात कळतात आणि दोन्हींना उशीर परवडत नाही. ताप असेल तर मलेरिया बघायचाच. डासांतून मलेरिया कसा पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये याच शहरात पक्ष्यांवर काम करून दाखवलं. उकाड्याच्या दिवसांत बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांचं सोडियम घसरलेलं सापडतं. पोटावर हात ठेवायला तर कधीच विसरू नये. बेंबीखाली घट्ट गोळा लागला, तर लघवी तुंबलेली असते. नळी घातल्यावर तासाभरापूर्वी अंगावर धावून येणारे आजोबा पाणी मागतात.

अशा पेशंटचे हात बांधले की भीती वाढते. झोपेच्या इंजेक्शनाने वॉर्ड शांत होतो, पण भ्रम लांबू शकतो. दारू अचानक सुटल्यामुळे आलेल्या भ्रमाची गोष्ट वेगळी. तिथे झोपेच्या औषधांच्याच जातीचं औषध लागतं, सोबत थायमिन हे जीवनसत्त्व. बाकीच्यांना आधी चष्मा, कानाचं यंत्र, पुरेसा उजेड आणि ओळखीचा आवाज द्यावा. बडाबाजाराच्या बाजूला सोनं गाळणारी आपली सांगलीकडची गलाई मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्यातले एक आबा तापात नर्सवर हात उगारत होते. मी म्हटलं, ‘आबा, दवाखान्यात हाय तुम्ही, पोरगा भाईर बसलाय.’ उगारलेला हात खाली आला, आणि त्याच हातातून आम्ही रक्त घेतलं.

घरात कुणी वयस्कर माणूस एकाएकी बरळू लागलं किंवा एकाएकी गप्प झालं, तर सकाळची वाट पाहू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला, चष्मा आणि कानाचं यंत्र बरोबर घ्या, नि तडक दवाखाना गाठा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा: कालपर्यंत हे असे नव्हते.