कितीत आलीस?

मुंबई-पुण्याहून गाडी घेऊन आलेल्या माणसाला आमच्या बिलोलीत पाण्याच्या तांब्याआधी एक प्रश्न मिळतो. ‘कितीत आलीस?’ हिशेब पेट्रोलचा नसतो, तासांचा असतो.

बिलोली कुठंय हे विचारायला लाजू नका, मला सवय आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, जुन्या दगडी मशिदीचं तालुक्याचं गाव. बसस्टँडवर मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात ऐकू येतात. येसगीला मांजरेचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात तेलंगणा. कळंबोलीपासून सहाशेहून जास्त किलोमीटर. आम्हा चुलत भावंडांत या अंतराचं चक्क रेकॉर्ड आहे, आणि त्याचे नियमही आहेत. स्टार्ट कळंबोली, फिनिश घराचा ओटा. चहा, टोलची रांग, पंक्चर, सगळं त्याच वेळात धरायचं. रेकॉर्ड दादाच्या नावावर, नऊ तास पन्नास मिनिटं. दोन दिवाळ्यांपूर्वीपर्यंत हा खेळ आम्हाला एकदम निरुपद्रवी वाटायचा.

या वेळी मी पहाटे एकटीच निघाले. गाणी लावली नाहीत. एका असाइनमेंटसाठी वाचलेला एक माणूस डोक्यात घुसून बसला होता, विली के.

विली के. म्हणजे विल्यम के. व्हँडरबिल्ट, दुसरा. पणजोबांनी रेल्वेत अफाट पैसा केलेला, त्यामुळे पणतूला वेगाचा शौक परवडत होता. जानेवारी १९०४ मध्ये या पठ्ठ्याने फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर मर्सिडीज ताशी ९२ मैलांनी पळवली. म्हणजे जवळपास १४८ किलोमीटर. वय पंचवीस!

तेव्हा मोटारींच्या शर्यतीला वेगळा ट्रॅक वगैरे भानगड फारशी नव्हती. रस्ता म्हणजे रस्ता, त्याच्यावरच कोंबड्या, शाळकरी पोरं, आणि त्याच्यावरच रेस. मे १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत निघाली. धुळीने पुढचं दिसत नव्हतं, बघे रस्त्याच्या मधोमध उभे. एकापाठोपाठ एक अपघात झाले, माणसं गेली, आणि फ्रेंच सरकारने शर्यत बोर्डोलाच थांबवली. मेलेल्यांत मार्सेल रेनो होता, रेनो कंपनीच्या संस्थापक भावांपैकी एक. दादाची गाडी डस्टर. बॉनेटवरचा तो चौकोनी हिरा मी शंभर वेळा पाहिला असेल, पण त्याच्यामागच्या आडनावात असा एक मृत्यू आहे हे मला आत्ता कळलं.

विली के.ने युरोपातलं हे वेड ऑक्टोबर १९०४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आणलं. व्हँडरबिल्ट कप. शेतकऱ्यांच्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून तेल ओतलं, आणि रस्ते शर्यतीसाठी अडवले. पहिल्याच वर्षी एका गाडीतला मेकॅनिक ठार झाला. १९०६ मध्ये गर्दी इतकी की लोक रस्त्यातच उभे राहिले आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. १९०७ ला शर्यत झालीच नाही. मग विली के.ने श्रीमंत माणसाला सुचेल असा उपाय काढला. लोक रस्त्यावरून हटत नाहीत ना? मग आपण लोकांशिवायचा रस्ता बांधू.

हे आठवत असताना मी एक्स्प्रेस-वेवर होते. डावीकडे पाटी होती, दुचाकी, तीनचाकी आणि पादचाऱ्यांना प्रवेश नाही.

लाँग आयलंड मोटर पार्कवे ऑक्टोबर १९०८ मध्ये सुरू झाला. फक्त मोटारींसाठी, काँक्रीटचा, कडेला कठडे, वळणांना उतार. आडवा येणारा प्रत्येक रस्ता पुलाने वरून नाहीतर खालून काढलेला. टोल दोन डॉलर, वेगमर्यादा नाही. वाढत वाढत तो सुमारे ४५ मैलांचा झाला. आपला मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे ९४.५ किलोमीटरचा, २००२ मध्ये पूर्ण झाला. फंडा तोच, फक्त वेगमर्यादेच्या पाट्या जास्त. भक्ती बर्वे याच रस्त्यावर गेल्या, २००१ मध्ये, तो अजून पूर्ण व्हायचा होता तेव्हा. विनायक मेटे गेले ऑगस्ट २०२२ मध्ये, बीडहून मुंबईला येताना, पहाटे. मराठवाड्यातून रात्री निघून सकाळच्या मीटिंगला पोचायचं, हे आमच्याकडच्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी करतंच. मेटेंची बातमी आली त्या दिवशी काकूने सगळ्या भावंडांना एकेक करून फोन लावला होता.

पुणे मागे पडलं, टेंभुर्णीला वळले आणि बार्शीच्या रस्त्याला लागले. इथून खरी गंमत. एक्स्प्रेस-वेवर ज्यांना बंदी आहे ते सगळे इथे भेटतात. मोपेडवर दुधाचे कॅन, शेळ्या, रस्त्यात वाळत घातलेलं सोयाबीन, उलट्या बाजूने निवांत येणारे आजोबा. आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही.

विली के.च्या गोष्टीतला एक तपशील मला सगळ्यात जास्त छळतो. १९०८ च्या कपचा एक फेरा साडेतेवीस मैलांच्या आसपास होता. त्यातले जेमतेम नऊ-दहा मैल त्या नव्याकोऱ्या पार्कवेवर. उरलेले सगळे पूर्वीच्याच गावातल्या रस्त्यांवर! म्हणजे बिनमाणसांच्या रस्त्यावर पकडलेला वेग घेऊन गाड्या पुन्हा माणसांत शिरायच्या. १९१० च्या शर्यतीत दोन मेकॅनिक मेले आणि लाँग आयलंडवरचा व्हँडरबिल्ट कप तिथेच संपला. आमचं गणित वेगळं कुठंय? ९४ किलोमीटर विली के.चा रस्ता, आणि पुढचे पाचशेहून जास्त सगळ्यांचा. पाय मात्र तोच असतो, ॲक्सिलरेटरवरचा.

दोन दिवाळ्यांपूर्वी मी दादाच्या मागे होते. स्पीकरवर फोन चालू. ‘मी येडशी सोडली, तू?’ ‘मुरूड आलंच,’ दादा म्हणाला, ‘आज साडेनऊत बसवतो बघ.’ मी म्हटलं, ‘बसव की, नुसता बोलू नको.’ हे माझं वाक्य आहे. पुढचं मी ऐकलं, ते लिहिणार नाही. मी पोचले तेव्हा डस्टरचं तोंड उसात होतं. ट्रॉलीवर किंवा शेजारी कुणी नव्हतं, म्हणून तर मला हे निदान लिहिता येतंय. दादाच्या डाव्या पायात रॉड आहे. नवी मुंबईतली नोकरी सुटली, आता तो गावात कृषी सेवा केंद्र चालवतो.

मुरूडच्या त्या जागेवरून जाताना मी वेग कमी केला. मागच्याने वैतागून हॉर्न दिला.

लातुरात दीड वाजता थांबून घरी फोन केला, जेवले, आणि मोबाइलवर साठवलेलं एक टिपण पुन्हा वाचलं. व्हँडरबिल्ट कपनंतर तीनच महिने उलटायच्या आत आपल्याकडेही मोटारी धावल्या होत्या. डिसेंबर १९०४ च्या अखेरीस दिल्लीहून निघून जानेवारी १९०५ मध्ये मुंबईत. आयोजक मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया. पण ती रेस नव्हती, रिलायबिलिटी ट्रायल होती. अशा ट्रायलमध्ये पहिला कोण याला फार अर्थ नसतो. गाडी न मोडता, न थांबता, ठरल्याप्रमाणे पोचते की नाही ते बघतात. आमच्या ओट्यावर हे नियम कुणी कधी मांडलेच नाहीत. मांडले असते तर आम्ही हसलोच असतो म्हणा.

उदगीर, देगलूर. बार्शी सोडली तेव्हाच जुनी इंग्रजी हद्द संपलेली असते, पुढचा हा सगळा मुलूख निजामाचा. मोटार इथल्या सामान्य माणसाला भेटली ती बसच्या रूपात. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांवर सेवा सुरू केली, आपल्या एसटीच्या सोळा वर्षं आधी. आमच्या पट्ट्यातले म्हातारे अजूनही रस्त्यांच्या बाबतीत निजामाचं नाव काढतात. काही सीमावर्ती गावांनी मध्यंतरी आम्हाला तेलंगणात घाला अशी मागणी केली, त्यातही रस्त्यांचं गाऱ्हाणं होतंच.

आणि विली के.चा पार्कवे? सरकारने शेजारीच फुकटचे चांगले रस्ते बांधले. दोन डॉलरचा टोल उतरत उतरत चाळीस सेंटवर आला, कर थकला, आणि १९३८ मध्ये रस्ता बंद झाला. क्वीन्समध्ये त्याचा एक तुकडा उरलाय. फोटोत दिसतं, झाडी आहे, जुने पूल आहेत, आणि खालून लोक सायकली चालवतायत.

घरी पोचले तर दादा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला. काठी भिंतीला टेकवलेली.

‘कितीत आलीस?’

‘साडेतेरा.’

‘खोटं बोलूलालीस. लातुरातून दीडला फोन केलीस.’ त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ‘साडेअकरा.’

मी गप्प. काकू पाणी घेऊन आली, तांब्या माझ्या हातात देऊन आत गेली. थोड्या वेळाने दादाने काठी उचलली. ‘चल, येसगीला जाऊन येऊ. तू चालव.’

संध्याकाळ होत आली होती. नदीच्या रस्त्याला मागून वाळूचा हायवा हॉर्न मारत आला, आरसा भरून गेला.

‘जाऊ दे त्याला,’ दादा म्हणाला.

मी गाडी कडेला घेतली. शेजारच्या सीटवर त्याने डाव्या पायाने तिथे नसलेला क्लच दाबला.