न्हाणीची कडी

पेडण्याच्या आमच्या घरी आंघोळीचं पाणी अजून भाणातच तापतं. गिझर आहे, पण तो पाहुण्यांसाठी. बाबांना चुडतं आणि सोडणांच्या जाळावर तापलेलं, किंचित धुराचा वास असलेलं पाणीच लागतं. आईचं माहेर डिचोलीचं, तिथेही हीच रीत. अंग दुखतंय, सर्दी झालीय, प्रवासाचा शीण आलाय, सगळ्यावर एकच औषध : कडक पाण्याने आंघोळ कर.

बाबांना मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली. गेली तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू आहे. मी पुण्यात. लांब राहणारी मुलं करतात तेच मी करतो, रोज फोन आणि अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर आरोग्याचे लेख. गेल्या पावसाळ्यात असाच एक लेख घरच्या ग्रुपवर टाकला. गरम पाण्यात बसल्याने साखर कमी होते, व्यायामासारखाच फायदा मिळतो, असा मथळा होता. ‘बाबा, खास तुमच्यासाठी’ असंही लिहिलं. खरं सांगायचं तर मथळ्यापलीकडे मी काही वाचलं नव्हतं.

बाबांनी मात्र ते मनावर घेतलं. पावसामुळे त्यांचं फिरणं बंदच होतं, त्यात मुलानेच पर्याय सुचवला! दहा मिनिटांची आंघोळ पाऊण तासावर गेली. आई फोनवर हसत म्हणायची, "तुझ्या त्या लेखापायी माझी लाकडं संपली."

एका सकाळी तिचा फोन आला तेव्हा ती हसत नव्हती. बाबांनी नेहमीसारखं इन्सुलिन घेतलं आणि पेज जेवायच्या आधी न्हाणीत गेले. बराच वेळ झाला, तांब्याचा आवाज थांबला. आईने हाक मारली, उत्तर नाही. दाराला आतून कडी. शेजारच्या काकांनी खांदा लावून दार उघडलं, तेव्हा बाबा पाटावर भिंतीला टेकून बसले होते. अंगाला दरदरून घाम, बोलणं अडखळत होतं. साखर मोजली तर ५४. ते शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून आईने साखरेचं पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी ते नीट बोलू लागले.

मी त्याच रात्री बस पकडली. पहाटे पत्रादेवीचा नाका ओलांडेपर्यंत डोळा लागला नाही. डोक्यात एकच होतं, लेख मी पाठवला होता.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. गरम पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जोरात खेळतं आणि त्वचेखाली टोचलेलं इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर शोषलं जातं. त्यात खाणं लांबलं, की साखर झपाट्याने खाली येते. वर घाम आणि उतरलेला रक्तदाब, म्हणजे चक्कर ठरलेली.

घरी आल्यावर मी मूळ अभ्यास शोधून वाचले. लेख खोटा नव्हता, अर्धा होता. १९९९ साली अमेरिकेत मधुमेहाच्या ८ रुग्णांना रोज अर्धा तास, आठवड्यातून ६ दिवस, ३ आठवडे गरम पाण्याच्या टबात बसवलं होतं. त्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी १८२ वरून १५९ वर आली. पण त्यातल्या एकाचं इन्सुलिन १० दिवसांतच कमी करावं लागलं, साखर फार उतरू नये म्हणून! २०१७ साली इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाने दुसरा प्रयोग छापला. ४० अंशांच्या पाण्यात तासभर बसल्यावर सुमारे १४० कॅलरी जळल्या आणि जेवणानंतरची साखरेची उसळी सायकल चालवल्यानंतरच्या उसळीपेक्षा साधारण १० टक्के कमी राहिली. पण त्या पुरुषांना मधुमेह नव्हताच. ते पाण्यात बुडून बसले होते, तांब्याने पाणी घेत नव्हते. आठ जणांवर चाचणी करून मी साधं अ‍ॅपसुद्धा लोकांच्या हाती देणार नाही, आणि इथे बाबांना उपचार सुचवून मोकळा झालो होतो.

हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरातला नाही. २०२३ साली छापलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के. म्हणजे आपल्या ओळखीच्या जवळपास प्रत्येक घरात कुणीतरी गोळी किंवा इंजेक्शन घेणारं आहे, आणि त्यांना लेख पाठवणारं आपल्यापैकीच कुणीतरी.

आमच्याकडे आता नियम ठरलेत. आधी आंघोळ, मग इन्सुलिन आणि वेळेवर पेज. आंघोळ दहा मिनिटांत आटपायची. पाणी कोमट आहे ना, हे आई कोपर बुडवून बघते. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, भाजलेलं कळतच नाही आणि जखम चिघळते, म्हणून पाय गरम पाण्यात शेकत बसणंही बंद. चक्कर आली तर तीन चमचे साखर पाण्यातून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. संध्याकाळचं फिरणं परत सुरू झालंय, पाऊस असेल तर पडवीतल्या पडवीत.

सगळ्यात कठीण होता शेवटचा नियम : न्हाणीला कडी लावायची नाही. बाबा दोन दिवस रुसले. "या वयात आता दार उघडं ठेवून आंघोळ करू काय?" तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दार नुसतं लोटून घेतलं.

आता मी काही पाठवलं, की बाबांचा उलट प्रश्न येतो, "तू पुरतं वाचलंस?" हल्ली वाचूनच पाठवतो.