चादरीतले प्राणी

माणूस काय खातो यावरून त्याची पारख करण्याची खोड आपल्या देशाला फार जुनी आहे. ख्रिस्ती मुलाला तिचा अनुभव बहुधा शाळेतच येतो. ‘तुझ्या डब्यात काय आहे?’ हा प्रश्न तिथे नेहमीच भुकेपोटी विचारलेला नसतो. म्हणूनच ताटावरून कोणालाही हिणवू नये, हे आपल्याला इतरांपेक्षा अधिक उमजायला हवे.

माझ्या आजोबांच्या पिढीला रानडुकराचे वा सशाचे मांस अपरिचित नव्हते. भातशेतीत शिरणारे डुक्कर हाका घालून, ठासणीच्या बंदुकीने मारले जाई. आजोबा सांगत, हे मांस पाळीव डुकरापेक्षा राठ. चरबी थोडी, म्हणून शिरक्यात मुरवून मंद आचेवर बराच वेळ शिजवावे लागे. त्यांच्या वर्णनानेच आमच्या तोंडाला पाणी सुटे. पण उत्पत्तीच्या पुस्तकातील इसहाकाची आठवण झाली की मला हसू येते. एसावाने आणलेल्या शिकारीचा तो मोठा भोक्ता. परंतु रिबकेने घरच्याच करडांचे मांस त्याच्या आवडीप्रमाणे रांधून वाढले, तेव्हा त्याला फरक कळला नाही. रानाच्या चवीत मांसाइतकाच मसाल्याचा आणि कौतुकाचाही वाटा असतो.

लेवीयच्या अकराव्या अध्यायात निषिद्ध प्राण्यांची यादी आहे. डुक्कर त्यात आहे, ससा आहे. पर व खवले नसलेले सारे जलचरही वर्ज्य. म्हणजे आपली कोळंबी, चिंबोऱ्या, कालवे, तिसऱ्या सर्व गेल्या. आपल्या सणाच्या ताटातले निम्मे पदार्थ त्या यादीने उचलून नेले असते. टोळ मात्र खाण्यास योग्य ठरवले आहेत आणि बाप्तिस्मा करणारा योहान तर टोळांवर आणि रानमधावर राहिला. त्याच निषिद्ध यादीत, थोडे पुढे, उंदीरही आहे.

या उंदराची आणि माझी गाठ पडली ती भाताची कापणी उरकल्यानंतर, पालघर जिल्ह्यातील एका कातकरी वाडीवर. कातकरी शेतातली बिळे उकरून उंदीर धरतात. बिळात साठवलेल्या लोंब्याही हाती लागतात. शेतकऱ्याचा शत्रू कमी होतो आणि भूमिहीन घरात चार मुठी भात येतो. आगीवर केस जाळून, साफ करून, मीठ-मिरची लावून भाजलेले ते मांस म्हातारीने तांदळाच्या भाकरीवर ठेवले आणि संकोचाने विचारले, “दादा, आमचं चालंल का तुम्हांला?”

मी खाल्ले. चव सशाच्या जवळची, थोडी धुरकट. वाईट मुळीच नव्हती. पण तो प्रश्न अजून मनातून जात नाही. ‘आवडेल का’ असे तिने विचारले नव्हते; ‘चालंल का’ असे विचारले होते. किती जणांनी नाक मुरडल्यावर माणसाच्या तोंडी हा शब्द बसत असेल!

व्हेनेझुएलात कॅपिबारा नावाचा प्राणी उपवासकाळात खाण्याची जुनी प्रथा आहे. पाण्यात वावरतो म्हणून तो माशांच्या पंगतीत बसवला गेला. हा प्राणी म्हणजे जगातला सर्वांत मोठा कृंतक, उंदराचाच दूरचा भाऊबंद! तिकडे तो पवित्र आठवड्याच्या ताटात मानाने येतो. इकडे त्याचा लहान भाऊ खाणाऱ्याला आपण रानटी म्हणतो.

संत पेत्राला यापो येथे दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी दृष्टान्त झाला. आकाशातून चादर उतरली, तिच्यात सर्व प्रकारचे प्राणी होते आणि ते मारून खाण्याची आज्ञा तीनदा झाली. तेव्हा तो उतरला होता कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी, आणि दारात उभी होती परराष्ट्रीय कर्नेल्याची माणसे. दृष्टान्ताचा रोख मांसावर नव्हता, माणसांवर होता, हे पेत्राने ओळखले. डुकराला मोकळे करणाऱ्या त्याच चादरीने उंदरालाही मोकळे केले आहे. आपण मात्र आपल्या सोयीचे तेवढे प्राणी उचलून चादर गुंडाळून ठेवली.

याचा अर्थ सारे काही खावे असा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे दिवस संपले. तुंगारेश्वरचे रान २००३ साली अभयारण्य झाले. आजोबांचे रानडुक्कर मी मागणार नाही. ते अशुद्ध आहे म्हणून नव्हे, तर रान आता थोडे उरले आहे म्हणून. निर्मितीविषयीच्या आदराने एखादा घास नाकारणे निराळे आणि माणसाविषयीच्या तुच्छतेने नाकारणे निराळे. बाहेरून पोटात जाणारे माणसाला विटाळत नाही, अंतःकरणातून निघणारे विटाळते, असे प्रभूने शिकवले ते याच भेदासाठी.

आपल्या वीटभट्ट्यांवर आणि वाड्यांत कातकरी राबतात. सणाच्या दिवशी त्यांना आपण जेवण देतो, बहुधा मागच्या पडवीत. त्यांना आपल्या मेजावर शेजारी बसवता येईल का, आणि त्यांच्या घरी गेल्यावर भाकरीवर येईल ते स्वीकारता येईल का? चादर अजून खाली सोडलेलीच आहे.