गाडीची पत्रिका

जुनी मोटार विकत घेणे आणि स्थळ पाहणे यांत एक साम्य आहे. दोन्हीकडे आपल्यासमोर येते ते नुकतेच धुऊनपुसून, नटवून आणलेले असते. फरक इतकाच, की स्थळाच्या बाबतीत एखादी मावशी चार घरी चौकशी करून खरे काय ते काढून आणते. मोटारीला मावशी नसते.

आमच्या सौ.चे वडील बंधू गेल्या वर्षी निवृत्त झाले. हाती फंडाचे पैसे आणि रिकामा वेळ! अशा माणसाने वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचू नयेत. पण त्यांनी वाचली: 'फियाट अकराशे डिलाइट, १९६६, संपूर्ण दुरुस्त, मालवण तालुका'. पत्ता विचारला, फोटो मागवला, आणि फोटोतला नंबर पाहून ते खुर्चीतून उठलेच. तो नंबर त्यांच्या वडिलांच्या गाडीचा होता.

माझ्या सासऱ्यांनी ती गाडी नंबर लावून, काही वर्षे वाट पाहून घेतली होती. त्या काळी गाडीचे पैसे असणे आणि गाडी असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ती त्यांनी १९८७ साली कुडाळकडच्या एका गृहस्थांना विकली. कारण त्या साली घरात लग्न होते. ते लग्न माझे! त्यामुळे त्या विक्रीत माझाही हात आहे, असे मेहुणे अजून अधूनमधून ऐकवतात. मालवणला त्यांनी मला बरोबर नेले ते मात्र या पापक्षालनासाठी नव्हे. मी वकील. मोटारीतले मला कळत नसले तरी कागदातले कळते, असा त्यांचा समज आहे.

नंबरपाटीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नसतो. पाटी कोणीही रंगवून देतो. शिवाय या गाडीची जातच अशी, की तिचे सोंग आणणे सोपे. प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'डिलाइट' निघू लागली. तीच पुढे १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली आणि या शतकाच्या तोंडापर्यंत निघत राहिली. १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, आणि मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या टॅक्स्यांची फौज. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत भरून थांबली. एवढ्या गाड्या भंगारात गेल्या म्हणजे सुटे भाग मुबलक, आणि सुटे भाग मुबलक म्हणजे १९९० च्या टॅक्सीतून १९६६ ची डिलाइट उभी करणारे कारागीरही मुबलक. मागे मुंबईतच आम्ही एक 'अगदी अस्सल, एका डॉक्टरांची' गाडी पाहिली होती. मेहुण्यांनी समोरच्या डाव्या मडगार्डवर लोहचुंबक फिरवले, तर एका जागी ते धरेना. खाली पुट्टी, आणि पुट्टीखाली भोके बुजवलेली. टॅक्सीचा जुना मीटर नेमका तिथे बाहेर बसवलेला असे. डॉक्टर मीटर लावून व्हिजिटला जात असतील, तर गोष्ट निराळी!

कुडाळला उतरून रिक्षाने आम्ही गेलो. मालवणचे वारे माणसाला मानवते, लोखंडाला मानवत नाही. खारट ओल पत्र्यावर बसली की गंज दुप्पट हौसेने खातो, आणि वर चार महिन्यांचा कोकणातला पाऊस. साठ वर्षांची गाडी या किनाऱ्यावर मूळच्या पत्र्यानिशी उभी असेल, तर आनंद होण्याऐवजी शंका यावी.

चिऱ्याच्या पडवीत गाडी उभी होती. मालक पूर्वी गॅरेज चालवणारे, सत्तरीचे. मेहुण्यांनी चुंबक खिशातून काढताच ते हसले. म्हणाले, "बघा, बघा. तळ सगळो नवो आसा. दारांचे खालचे पत्रेव नवे. पत्रो जुनो ठेवलो असतो तर दोन पावसाळे काढूक नाय. पण नवो घातलंय ता सांगतंय. लपवलंय काय?"

खरेच त्यांनी काही लपवले नव्हते. पुढची जाळी नंतरच्या पद्मिनीची, हेही त्यांनीच दाखवले. गाडीचा रंग हिरवा, सासऱ्यांची होती फिकट निळी. मेहुण्यांचा चेहरा उतरला. पण डिकीत स्टेपनी उचलली, तर खालच्या कोपऱ्यात हाताएवढा फिकट निळा तुकडा तसाच राहिलेला. अर्थात् निळ्या गाड्या काही एकट्या सासऱ्यांनीच घेतल्या नव्हत्या.

मग मी पिशवीतून सासऱ्यांच्या ट्रंकेतला विम्याचा कागद काढला. त्यावर चासी नंबर आणि इंजिन नंबर होते. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. बॉडी हीच चौकट, आणि बॉनेटखालच्या पत्र्यावर नंबर ठोकलेला. म्हणून नुसता नंबर वाचून भागत नाही. लबाड मनुष्य तेवढा तुकडा एका गाडीतून कापून दुसरीत वेल्डिंग करतो. मेहुण्यांनी टॉर्च धरून तुकड्याच्या चारी कडा बोटाने चाचपल्या. सांधा नव्हता. आकडे एकेक करून जुळले. इंजिनाचा नंबर मात्र जुळला नाही.

"मूळ इंजिन फुटला, त्येका पंचवीस वर्सां झाली," मालक म्हणाले.

तळ नवा, दारे अर्धी नवी, इंजिन परके, रंग निराळा. मग ही अण्णांची गाडी म्हणायची की नाही? मेहुण्यांनी मला विचारले, आणि मला १९९० सालचा लंडनच्या हायकोर्टातला एक खटला आठवला. ल मॉंची चोवीस तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ जिंकलेली बेंटलेची 'ओल्ड नंबर वन' गाडी एका कोटी पौंडांना ठरली आणि घेणाऱ्याने पाय मागे घेतला: हिच्यात त्या गाडीचे उरले आहे काय? शर्यतीनंतर इंजिन, चौकट, बॉडी, सारेच बदलत गेले होते. न्यायमूर्तींनी सांगितले, की हिला शर्यतीच्या वेळची मूळ गाडी म्हणता येणार नाही. पण ती मधे कधी संपली आणि दुसरी जन्मली असेही झालेले नाही, तेव्हा नाव तिचेच. घेणाऱ्याला पैसे द्यावे लागले.

मी हे मालकांना सांगितले. त्यांना त्यात काही नवल वाटले नाही. "आमच्या होडयेची फळी दर वर्सां बदलतंव," ते म्हणाले. "होडी खय बदलता?"

आपला कायदा मात्र होडीवाल्यांनी केलेला नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरचे वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, आणि असे वाहन रोजच्या वापराला चालत नाही. तळाचा पत्रा आणि बदललेले इंजिन यांवर अधिकारी काय म्हणतील, यावर मी पैज लावणार नाही. म्हणून मी मेहुण्यांना स्पष्ट सांगितले, की 'व्हिंटेज' या शब्दापोटी एक रुपयाही जास्त देऊ नका; द्यायचे ते लोखंडाचे आणि कारागिरीचे. आणि आरसी बुकातला इंजिन नंबर बदलून नोंदलेला आहे का, ते आधी पाहा. तो नोंदलेला होता. माझ्या दृष्टीने त्या दिवसातली ही सर्वांत सुंदर गोष्ट. मेहुण्यांना तसे वाटले नाही.

मालकांनी इंजिनापोटी किंमत खाली आणली. तळाच्या कामापोटी एक पैसा सोडला नाही, आणि ते योग्यच होते. मी एकच अट घातली: काय बदलले आणि कोणत्या साली, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून सही करून द्यावे. त्यांनी नातीच्या वहीचे पान फाडले आणि चष्मा लावून लिहायला बसले. यादी पाठीमागच्या बाजूवर गेली. शेवटी त्यांनी विचारले, "डिकीतलो निळो रंग, तो लिहू काय? तो मी लावलेलो नाय." मी म्हटले, लिहा.

तोपर्यंत मेहुणे गाडीत जाऊन बसले होते. चालकाच्या जागी नव्हे, मागे डावीकडे खिडकीशी.