दीडला भरती

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला अकरा फेऱ्या मारल्या की दोन किलोमीटर होतात. हे बाबांनी मोजलंय. त्यांच्या बायपासला आता दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सपाट जागेवर रोज चालायचं. मी ते शब्दशः घेतलं. मुलुंडमध्ये कंपाउंडपेक्षा सपाट आणि सेफ जागा कुठली? मग रोज संध्याकाळी गेट ते पाण्याची टाकी, टाकी ते मीटर रूम, मीटर रूम ते पुन्हा गेट. मध्ये रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या आणि क्रिकेट खेळणारी पोरं. मी ऐरोलीच्या ऑफिसातून फोन करायचे, "झाल्या का अकरा?"

एका संध्याकाळी उत्तर आलं, "सात झाल्या. बास."

"का? दम लागला?"

"नाही गं. कंटाळा आला. एवढं चालतो आणि परत गेटपाशीच येतो. मला कुठेतरी पोचायचंय."

अडुसष्ट वर्षांचा माणूस असं काही बोलला की आपल्या पिढीला एकच उपाय सुचतो. वीकेण्ड आउटिंग! त्याच रात्री लॅपटॉप उघडला आणि एक्सेल शीट तयार. ठिकाण : मुरुड. जंजिऱ्याचं नव्हे, दापोलीचं. शीटमध्ये सगळं होतं. तळमजल्यावरची खोली, कमोड आहे का, बिनतिखटाचं जेवण मिळेल का, सगळ्यात जवळचं हॉस्पिटल किती किलोमीटरवर. शनिवार सकाळी सात : बीच वॉक, तीस मिनिटं. मग ब्रेकफास्ट. मग आराम. मग जेवण. मग पुन्हा आराम.

आईने शीट शेवटपर्यंत वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "त्या शनिवारी तिथी काय आहे?"

"आई, आपण देवळात नाही, समुद्रावर जातोय."

"म्हणून तर विचारतेय."

ती स्वयंपाकघरात गेली. दाराच्या मागे कालनिर्णय लटकतं. तिथूनच आवाज आला, "दशमी! दहाचे पाऊणपट साडेसात. साडेसातला पूर्ण भरती. तू सातला आम्हाला चालवणार कुठे? सुरूच्या झाडांतून?"

मी गप्प.

आईचं माहेर गुहागर तालुक्यातलं, समुद्राला लागून. लग्न होऊन मुलुंडला आली त्याला बेचाळीस वर्षं झाली. या बेचाळीस वर्षांत तिने मला पाढे शिकवले, मोदक शिकवले, लोकलमध्ये चौथी सीट कशी मिळवायची ते शिकवलं. हे मात्र कधीच सांगितलं नव्हतं. मुलुंडमध्ये कशाला लागणार होतं म्हणा.

गणित एकदम सोपं आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला पाऊणाने गुणायचं. येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, म्हणजे भरतीच्या साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरतीही रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हे पाऊण तासाचं गणित जमतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. पाणी खूप वर येतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग. तेव्हा पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान् पिढ्या याच हिशेबावर होड्या घालत आली आहेत.

मी लगेच नेटवर भरतीचं टेबल काढून ताडून बघितलं. आयटीवाली ना मी! वीस-पंचवीस मिनिटांचा फरक निघाला. आईला सांगितलं तर म्हणाली, "वीस मिनिटं आधी उठायचं, त्यात काय?"

शीट तिने दुरुस्त केली, तीसुद्धा पेनाने, प्रिंटआउटवर. "पुढचा शनिवार घे. वद्य द्वितीया. दीडला भरती. म्हणजे सकाळी सात-सव्वासातला पाणी सगळ्यात आत. शिवाय पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, उधाण आहे. एवढी रुंद वाळू मिळेल!" तिने दोन्ही हात पसरून दाखवलं. स्वयंपाकघरात तेवढी जागाही नव्हती.

मग डॉक्टरांना विचारून आलो. त्यांनी मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच कमी आढेवेढे घेतले. हळू चाला, गोळ्या खिशात ठेवा, दम लागला की थांबा. थांबा म्हणजे थांबा, हे त्यांनी बाबांकडे बघून दोनदा सांगितलं.

ठाण्याहून कोकण रेल्वे पकडली. (मुलुंडकरांचं एक बरं असतं, त्यासाठी दादरला जावं लागत नाही.) खेडला उतरून एसटीने दापोली, तिथून रिक्षाने मुरुड. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मधून चिंचोळा रस्ता. पण वाड्यांमध्ये मध्येच मोकळं आकाश दिसत होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली झाडं मुळासकट आडवी केली. पोफळ लावली की सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं वाट बघायची. तरी लोकांनी पुन्हा लावलीच आहे. बाबा रिक्षातून वाकून वाकून छोटी रोपं बघत होते. "लावणारे माझ्याच वयाचे असणार," म्हणाले. त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव. शाळेत आपण एक गोष्ट वाचलेली असते : सतरा-अठरा वर्षांचे धोंडो केशव परीक्षेला बसायला मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल पायी गेले. सह्याद्री ओलांडून. आणि साताऱ्यात त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. का? तर वयाने लहान दिसता म्हणून! एका माणसाने तोंडाकडे बघितलं आणि ठरवलं.

आपण त्या परीक्षकाला हसतो. पण रात्री झोपताना माझ्या डोक्यात आलं, मी तरी काय केलं होतं? मी बाबांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि ठरवलं, तीस मिनिटं. हेच कर्वे १९२९ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. महिला विद्यापीठाची माहिती जगाला सांगायला आणि त्यासाठी पैसे जमवायला. परत आले आणि मग आफ्रिकेला गेले. पुढे एकशे चार वर्षं जगले. त्यांची एक्सेल शीट करायला घरात कुणी नव्हतं, बरं झालं.

शनिवारी साडेसहाला आई तयार. साडी पोटरीपर्यंत वर खोचलेली, पायात जुने कॅनव्हासचे बूट, हातात काठी. काठी आधाराला नाही, "पाण्याची खोली बघायला." सुरूच्या बनातून बाहेर आलो आणि मी अक्षरशः थांबले. संध्याकाळी आलो तेव्हा जिथे लाटा फुटत होत्या, तिथून पुढे कितीतरी लांबपर्यंत नुसती ओली, चकचकीत वाळू. समुद्र कुठेतरी पलीकडे, हळू आवाजात.

"कोरड्या वाळूत पाय टाकायचा नाही," आईने पहिली ऑर्डर सोडली. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ताकद लागते. ओहोटीची ओली वाळू मात्र फरशीसारखी घट्ट. भरतीच्या वेळी चालायला उरतो तो वरचा उतार. तिथे एक पाय कायम खाली आणि एक वर, गुडघ्यांची वाट लागते. खालची वाळू जवळजवळ सपाट. डॉक्टरांनी सांगितलेली सपाट जागा ही अशी होती, मला मात्र मीटर रूम दिसली होती!

आम्ही दक्षिणेला, कर्द्याच्या दिशेने निघालो. वाळूवर चिमुकल्या खेकड्यांनी गोळ्यांच्या रांगोळ्या काढल्या होत्या. बिळाभोवती वाळूचे मोहरीएवढे गोळे, एकामागे एक. वाळूतलं खाणं चाळून घ्यायचं आणि उरलेला गोळा टाकून द्यायचा, पुढच्या भरतीने सगळं पुसलं की पुन्हा पहिल्यापासून. बाबा प्रत्येक रांगोळीपाशी थांबत होते. कंपाउंडमध्ये थांबायला त्यांना कधी कारणच मिळालं नव्हतं. मी सवयीने घड्याळ बघत होते. तीस मिनिटं कधीच संपली होती.

वाटेत गोड्या पाण्याचा एक ओहोळ वाळू कापत समुद्राकडे गेला होता. आईने काठी टोचली, घोटाभर पाणी. ती गेली, बाबा गेले. मी बूट हातात धरायचा की बॅग सांभाळायची या गोंधळात पाय घसरून गुडघ्यावर बसले. हात कुणी दिला? बाबांनी. आई पलीकडून म्हणाली, "भरती लागली की हेच पाणी मांडीला लागतं. नऊच्या आत इथून परत यायचं." आमच्या ट्रिपमधला सगळ्यात महत्त्वाचा टायमिंग हा होता आणि तो माझ्या शीटमध्ये नव्हता.

ओहोळाच्या पुढे पंधराएक मिनिटं गेलो असू. बाबा थांबले. या वेळी रांगोळीपाशी नव्हे.

त्यांनी छातीवर हात ठेवला नाही, काही नाही. नुसते उभे राहिले आणि मग वाळूत पडलेल्या एका ओंडक्यावर बसले. माझ्या पोटात गोळा आला. मी फोन काढला. रेंज आहे का, रिक्षा इथपर्यंत कशी येणार, हॉस्पिटल किती किलोमीटर, सगळी शीट डोक्यात भर्रकन फिरली. आईने माझा दंड धरला. "थांब जरा. त्यांना बसू दे."

आम्ही बसलो. कुणी बोललं नाही. वर कुरव पक्ष्यांचा थवा वळणं घेत होता. बाबांनी स्वतःच मनगटावर बोट ठेवून नाडी मोजली, शांतपणे, दूधवाल्याचा हिशेब करावा तशी. पाच मिनिटं गेली असतील. मला ती ऑफिसच्या अप्रेझल मीटिंगपेक्षा लांब वाटली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "दम लागला होता. उतरला." समोर कर्द्याच्या टोकाचा डोंगर दिसत होता. फार लांब नव्हता. मला वाटलं, आता म्हणतील, चला पुढे. आणि मी काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं होतं. त्यांनी डोंगराकडे एकदा बघितलं, मग मागे, आमच्या पावलांच्या रांगेकडे.

"इथून परत फिरू. जेवढं आलोय तेवढंच परत जायचंय."

मी तयार केलेलं भाषण तसंच घशात राहिलं.

दोन वर्षं मला वाटत होतं, त्यांना थांबवायचं काम माझं आहे. मी थांबवलं नाही तर ते कुठेतरी नको तितके पुढे जातील. खरं तर घाटात, ट्रेकला, रस्त्यावर बाइकवर, नको तितकं पुढे कोण जातं? आपण. आपल्याला परत फिरणं म्हणजे हरणं वाटतं. ज्या माणसाने चाळीस वर्षं शेवटची लोकल, संपत आलेला पगार आणि दोन मुलांच्या फिया यांचा हिशेब घातला, त्याला किती शिल्लक आहे ते कळतं. त्याला हिशेबच करू द्यायचा नाही, ही माझी काळजी.

ओहोळ पावणेनऊला ओलांडला. पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. या वेळी आम्ही तिघांनी हात धरले होते, कोण कुणाला धरतंय ते कळत नव्हतं. खोलीवर आल्यावर बाबांनी चहाबरोबर आंबोळ्या हादडल्या आणि विचारलं, "उद्या तृतीया ना? म्हणजे ओहोटी आठला. थोडं उशिरा निघू." दुसऱ्या दिवशी आम्ही त्या ओंडक्यापर्यंतसुद्धा गेलो नाही. खेकड्यांमध्येच वेळ गेला.

भीती गेली, असं मी म्हणणार नाही. आजही बाबा फोन उचलायला चार रिंग घेतात तेव्हा माझ्या पोटात तसाच गोळा येतो. ती माझी आहे, मी सांभाळीन. त्यासाठी त्यांनी गोल गोल फिरायची गरज नाही.

आणि एक गंमत. मी रोज ऐरोलीच्या पुलावरून ठाण्याची खाडी ओलांडते, मान मोबाइलमध्ये घालून. मुलुंडला समुद्र नाही असं मी लोकांना ठामपणे सांगत आले आहे. गेल्या आठवड्यात घरी आले तर बाबा कालनिर्णयसमोर पेन घेऊन उभे. आमच्या मिठागर रोडला हे नाव उगाच पडलेलं नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मिठागरात येतं ते भरतीचंच पाणी. खाडीवरचे फ्लेमिंगोही भरती-ओहोटीच्या तालावर जगतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की खायला उतरतात. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं. आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर!

"रविवारी भांडुप पंपिंग स्टेशनकडे जाऊ," बाबा म्हणाले. "तिथी बघितलीय. तू येणार का? पण लवकर उठावं लागेल. तुला झेपेल ना?"