चुलीपाशी कुणी कुठं बसायचं?

मैत्रिणींनो, कधी जपानला जायचा योग आला, तर टोकियोतले दोन दिवस कमी करा, पण गिफू प्रांतातलं शिराकावा-गो हे डोंगरातलं खेडं चुकवू नका. ताकायामाहून बसनं तासाभराची वाट. नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी गवतानं शाकारलेली उतरती छपरं! १९९५ साली युनेस्कोनं त्यांची जागतिक वारशात नोंद केली. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत.

मला मात्र छपरांपेक्षा घरातली 'इरोरी' बघायची होती. इरोरी म्हणजे जमिनीतच केलेली चौकोनी चूल. जुन्या शेतकरी घरांत तिच्या प्रत्येक बाजूचा मानकरी ठरलेला. (नावं प्रांताप्रांतानं बदलतात.) आतल्या बाजूला, सगळं घर दिसेल असा घरधनी बसणार, ती 'योकोझा'. स्वयंपाकाच्या बाजूला घरधनीण. तिच्यासमोर पाहुणा. आणि सून? ती मातीच्या जमिनीलगत, जळत्या लाकडांचे बुडखे येतात तिथं. त्या जागेचं नावच मुळी 'किजिरी', लाकडाचं बूड! धूर खायचा नि लाकूड पुढं सारायचं. ओळखीचं वाटतं ना?

भात वाढायची लाकडी पळी, 'शामोजी', सासूच्या हातात. ती सुनेकडं आली, की कारभार आला. आपल्याकडं कमरेच्या किल्ल्या, तिकडं भाताची पळी!

बरं, कामात सून मागे होती म्हणावं, तर तेही नाही. १९६०च्या सुमारास पुरुष कारखान्यांकडं वळले आणि शेती उरली आजोबा, आजी अन् आईवर. जीचान, बाचान, काचान. म्हणून तिला 'सान-चान', तीन चानांची शेती, असं लाडकं नाव पडलं. नाव गोड, पण चिखलात वाकायचं, वर घरचं आहेच. जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर.

मुली मग भांडत बसल्या नाहीत. शहरात निघून गेल्या. शेतकऱ्याच्या थोरल्या मुलाला बायको मिळेना. १९८५ साली यामागाता प्रांतातल्या आसाही गावात तर गावच्या कचेरीनंच पुढाकार घेऊन फिलिपाइन्सहून सुना आणल्या! १९९५ पासून शेती खातं शेतकरी कुटुंबांना लेखी करार करायला सांगू लागलं. कुणी कोणतं काम करायचं, सुट्टी कधी, सुनेला पगार किती. घरातल्या घरात करार म्हटल्यावर आमच्या ह्यांना हसू आलं. मला नाही आलं.

हिवाळ्यात जाणार असाल, तर लोकरीचे पायमोजे दोन जोड जास्त घ्या. बर्फ भरपूर पडतं, आणि घरात शिरताना पायताण दाराशीच काढावं लागतं.