ढिगाचा उतार

अमळनेरच्या घरावर एक खोली चढवत होतो, तेव्हा अंगणात दोन ढीग पडलेले होते. एक बोरी नदीच्या वाळूचा, आधीच्या बांधकामातून उरलेला. दुसरा क्रशरवरून आणलेल्या काळ्या कचाचा. नदीची वाळू दोन भिंतींच्या गिलाव्यापुरतीच होती. उरलेल्या दोन भिंतींना कच वापरायचा ठरला.

मिस्तरीने दोन्हींची चिमूट चोळून पाहिली. “सर, नदीनी वाळू बोटेसमा फिरस, नि हाई टोचस.”

तीस वर्षं मी शाळेत घर्षण शिकवलं, ते फळीवर ठोकळा ओढून. बोटांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी भिंग काढलं. नदीच्या कणांचे कोपरे झिजलेले, अंग मात्र धुरकट, बारीक खळग्यांचं. कचाचे कण ताजे फुटलेले, धारदार. काही तर सुईसारखे लांबट. दोन कण एकमेकांना टेकतात तेही सगळ्या अंगाने नाही, दोन-चार बारीक उंचवट्यांवर. सगळा भार तिथेच येतो आणि कण सरकायला अडतो तोही तिथेच.

मग दोन्ही उन्हात खडखडीत वाळवून, वेगवेगळं, घमेल्याने हळूहळू एकेका जागी ओतलं. ढिगाचा पाया मध्यापासून चार फूट झाला तेव्हा नदीच्या वाळूची उंची भरली दोन फूट सात इंच. कचाची तीन फूट. म्हणजे एकीचा उतार सुमारे ३३ अंश, दुसऱ्याचा ३७. आणखी ओतलं की माल खाली घरंगळे, पाया पसरे, उतार तोच. वाळवणं महत्त्वाचं. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात पोरं ओल्या वाळूच्या उभ्या भिंती करतात, पण ती करामत कणांमधल्या पाण्याच्या ओढीची असते.

कूलॉम मी मुलांना विजेच्या नियमापुरताच शिकवला होता. तो मुळात लष्करी इंजिनिअर. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधून परतल्यावर १७७३ साली त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे मांडलं की, माती घसरायला अडते ती थोडी चिकटपणाने आणि थोडी दाबाबरोबर वाढणाऱ्या घर्षणाने. कोरड्या वाळूत चिकटपणा नाही. म्हणून सैल ढिगाचा उतार हेच तिच्या घर्षणाचं माप. माझ्या अंगणात ते फूटपट्टीने निघालं.

आईचं जातं आठवलं. तेही कचाच्याच काळ्या दगडाचं. दळून दळून गुळगुळीत झालं की दाणे नुसते घरंगळत, पीठ पडत नसे. मग टाकीवाला येई आणि छिन्नीने पाळीवर पुन्हा खाचा पाडून देई.

एवढं कळूनही चूक झाली. कचाचा माल थापीखाली सरकेना. कण कणाला अडत होता. मजुराने पाणी वाढवलं आणि मी शेजारी उभा राहून ते वाढवू दिलं. माल लोण्यासारखा झाला, रंधा सुरेख फिरला. तिसऱ्या आठवड्यात त्या दोन्ही भिंतींवर केसासारख्या भेगांचं जाळं उमटलं. जादा पाणी उडून जाताना गिलावा आकसला होता. बोरीच्या वाळूच्या भिंतींना एकही चीर नव्हती.

दोष कचाच्या खरबरीतपणाचा नव्हता. तोच खरबरीतपणा काँक्रीटमध्ये सिमेंटला धरून ठेवतो. दोष त्याला पाण्याने नमवण्याचा होता. गिलावा खरवडून काढला. या वेळी ज्या यंत्रात दगडावर दगड आपटून धारा मोडतात, तिथली धुतलेली, चाळलेली वाळू आणली. भिंगाखाली तिचे कण ठोकळेदार दिसले, सुया जवळपास नव्हत्या. मिस्तरीने चिमूट चोळून मान हलवली आणि पाण्याची बादली मी माझ्याच हाताखाली ठेवली.

घर बांधायला काढलेल्यांना एवढीच विनंती. ट्रक रिकामा करण्याआधी मूठभर वाळू मिस्तरीच्या हातावर ठेवा, आणि माल सरकत नाही म्हणून कुणी पाण्याला हात घातला तर तिथेच थांबवा.